मिरवणूक आणि नेमणूक

१८७८च्या सप्टेंबरात कोल्हापुरातून एक पत्र अमेरिकेला गेलं. लिहिणारे गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, म्हणजे टपालाचा रस्ता त्यांना पाठ. पण हे पत्र कुठवर जाईल याचा अंदाज त्यांनाही नसणार. मजकूर सरळ होता. बायकोला शिकवायचं आहे, इथं राहून ते जमेना, अमेरिकेत आपल्या नोकरीची काही सोय लागली तर तिला घेऊन तिकडं येतो. पत्र पोचलं ते रॉयल वाइल्डर यांच्या हाती. वाइल्डर कोल्हापूरला नवखे नव्हते. १८५२मध्ये येऊन वीसेक वर्षं त्यांनी इथं मिशन चालवलं होतं, आणि आता ते प्रिन्स्टनहून मिशनऱ्यांसाठी एक नियतकालिक काढत होते. त्यांनी पत्र छापलं, सोबत आपलं उत्तरही छापलं. उत्तराचा मतलब असा, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू.

प्रकरण तिथंच मिटायचं. पण १८८०मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडं आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसल्या होत्या, आणि तिथं हा जुना अंक पडलेला होता. पुढचं सगळं महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. पत्रापत्री, त्यातून जुळलेलं मावशी-भाचीचं नातं, ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून बोटीत बसलेली अठरा वर्षांची आनंदी, फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज, ११ मार्च १८८६ची पदवी. श्री. ज. जोशींच्या कादंबरीनं आणि मग नाटक-सिनेमांनी ही गोष्ट घरोघरी नेली. तिच्यात कोल्हापूर मात्र येतं न येतं, तोवर जोशी दांपत्य पुढच्या बदलीच्या गावी निघालेलंही असतं. वास्तविक पत्र सुटलं ते इथून. आणि डॉक्टर होऊन आनंदीबाई परत यायच्या होत्या त्याही इथंच.

कारण पदवी हातात पडली त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानानं त्यांना नोकरी देऊ केली होती. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या बायकांच्या विभागाची मुख्य डॉक्टर म्हणून. आनंदीबाईंनी ती स्वीकारली होती. हे वाक्य चरित्रांमध्ये एखाद्या ओळीत उरकलं जातं, पण त्यावर जरा थांबायला हवं. साल १८८६. ब्राह्मणाची बाई समुद्र ओलांडून गेली म्हणून मराठी मुलखात अजून कुजबुज चालू आहे. ज्या गावात सात-आठ वर्षांपूर्वी हीच मुलगी नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालली की लोक वळून वळून बघायचे, त्याच गावानं तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. जाहीर सत्कार नव्हे, पगाराची जागा.

परदेशातून एकट्यानं काही मोठं करून आलेल्या माणसाला गाव दोन गोष्टी देऊ शकतं, मिरवणूक किंवा नेमणूक. मिरवणूक स्वस्त पडते आणि लवकर निघते. नेमणुकीला दप्तर लागतं, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे या माणसाला पुढची वीस-पंचवीस वर्षं आपल्यात ठेवून घ्यायचं आहे असं कुणाला तरी वाटावं लागतं. कोल्हापूरला मिरवणुकीचं वेड आहे हे मी सांगायला नको. गणपतीपासून पैलवानापर्यंत इथं सगळ्यांची मिरवणूक निघते. पण या गावाच्या इतिहासात नेमणुकाही आहेत, आणि त्यांच्याकडं आपलं लक्ष कमी जातं.

आनंदीबाई आणि गोपाळराव १८८६च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कहून निघाले आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरले. स्वागत झालं, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. क्षय मात्र अमेरिकेतच जडला होता आणि बोटीवर तो वाढला. हवापालट, वैद्य, औषधं, सगळं झालं. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर असताना. पुणे ते कोल्हापूर हे अंतर त्यांच्याच्यानं काटलं गेलं नाही. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडं पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर घराण्याच्या जागेत ती आजही आहे. म्हणजे बाई परत आल्या आणि रक्षा पुन्हा समुद्रापार गेली.

याच्या नेमकी उलटी गोष्ट कोल्हापूरच्या राजघराण्यात सोळा वर्षं आधी घडून गेली होती.

छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. मूळचे पाटणकरांच्या घरातले, १८६६मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले. वयाच्या विसाव्या वर्षी, १८७०मध्ये, ते विलायतेला निघाले. त्याआधी असा प्रवास हिंदू राजेरजवाडे सहसा करत नसत, त्यामुळं घरात आणि गावात काय बोलणी झाली असतील याची कल्पना करता येते. बरोबर कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी, आपली माणसं, आपले आचारी. महाराज रोजनिशी ठेवत, तीही इंग्रजीत. राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहून झालं, कारखाने, नाटकं, मेजवान्या झाल्या. ती रोजनिशी पुढं वेस्टनं संपादित करून १८७२मध्ये लंडनला छापली. वाचताना जाणवतं ते त्या मुलाचं नेमकेपण. तो भारावून जात नाही. काय पाहिलं, कोण भेटलं, किती वाजता परत आलो, एवढं टिपतो आणि मिटतो. काय बदल करायचे ते परत जाऊन ठरवू, असा त्या नोंदींचा सूर मला लागतो. पण हे माझं वाचन. त्यानं तसं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

परतीच्या वाटेवर फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, म्हणून नेहमीचा रस्ता सोडून बेल्जियम, जर्मनी, टिरोलचे डोंगर असा वळसा घ्यावा लागला. वाटेत तब्येत ढासळली. फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत चालवेना. ३० नोव्हेंबर १८७०ला तिथंच त्यांचा अंत झाला. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होतं आणि प्रेत जाळण्याची पद्धत तिथं कुणी पाहिलेली नव्हती. खास परवानगी काढावी लागली. शहराच्या टोकाला कास्चिने नावाची मोठी बाग आहे. तिच्या पश्चिमेला आर्नो नदीला मुन्योने नावाचा ओढा मिळतो. संगम आहे म्हणून ती जागा निवडली, आणि रात्री चिता पेटवली. बघायला गर्दी लोटली होती. पुढं १८७४मध्ये तिथं छत्री उभी राहिली, आत राजारामांचा अर्धपुतळा बसवला. फ्लॉरेन्सचे लोक त्या सगळ्या भागाला ‘इंडियानो’ म्हणू लागले. विसाव्या शतकात जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्याचंही नाव तेच. रोज हजारो गाड्या कोल्हापूरच्या एका पोराच्या नावावरून जातात आणि चालवणाऱ्यांतल्या फारच थोड्यांना करवीर कुठं आहे ते माहीत असेल.

इकडंही फार वेगळं नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव आहे, पण ते हे राजाराम नव्हेत. ते शाहू महाराजांचे चिरंजीव, ज्यांच्या कारकिर्दीत १९३९मध्ये तो सुरू झाला. विलायतेला जाऊन न आलेल्या राजारामांचं नाव उरलं ते शाळा-कॉलेजाला. राजाराम कॉलेज म्हणताना कोणते राजाराम असा प्रश्न कोल्हापुरात सहसा कुणाला पडत नाही.

फ्लॉरेन्सच्या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा माणूस मँटच्या इमारतींमधूनच फिरत असतो: टाऊन हॉल त्यांचा, नवा राजवाडा त्यांचा, भवानी मंडपाजवळचं राजाराम हायस्कूल त्यांचं. आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलही त्यांचंच, म्हणजे आजचं सीपीआर. परत न आलेल्या राजाची समाधी आणि परत आलेल्या डॉक्टरीणबाईंची वाट बघणारा दवाखाना, दोन्ही एकाच माणसाच्या कागदावर उमटले. काळ्या दगडाची ती जुनी इमारत आज भोवतीच्या नव्या बांधकामांत, रुग्णवाहिकांच्या आणि फळांच्या गाड्यांच्या गर्दीत उभी आहे. आत नातेवाइकांची धावपळ, केसपेपरची रांग, जिल्ह्याच्या पार टोकावरनं आलेली माणसं. आनंदीबाईंच्या नावाची आठवण रांगेत उभ्या कुणाला असावी अशी अपेक्षा करणं चूक आहे. रांगेतल्या माणसाला डॉक्टर हवा असतो.

समोरच टाऊन हॉल आहे, त्यातलं संग्रहालय पाहायला सवड काढावी. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची छोटी काशाची मूर्ती तिथं आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, सातवाहनांच्या काळात कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून पंचगंगेच्या काठी आला. तो परत गेलाच नाही.

आता शाहू महाराजांकडं येतो, कारण कोल्हापुरात परदेशातून परत येण्याची गोष्ट निघाली की पहिलं नाव त्यांचं निघतं. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते लंडनला गेले. सोहळा ठरला होता २६ जूनला, नेमका महाराजांचा अठ्ठाविसावा वाढदिवस. दोन दिवस आधी राजाला ॲपेंडिक्सचा त्रास उपटला, शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. जगभरातून जमलेले राजेमहाराजे लंडनमध्ये अडकून पडले. जयपूरचे माधोसिंह याच सोहळ्याला गेले होते. त्यांनी अख्खी बोट भाड्यानं घेतली आणि जवळजवळ माणसाएवढ्या उंच चांदीच्या घागरींमधून गंगाजल नेलं, परक्या पाण्यानं बाट नको म्हणून. त्या घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात. शाहू महाराजांना या मुक्कामात केंब्रिज विद्यापीठानं एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. चरित्रकार सांगतात की प्रवासात ते फ्लॉरेन्सला गेले आणि राजारामांच्या छत्रीपाशी उभे राहिले. नात्यानं ते त्यांचे दत्तक आजे, असं काहीसं गुंतागुंतीचं. पण गादी तीच, आणि समुद्र तोच.

याच मुक्कामात, २६ जुलै १९०२ला, करवीर सरकारच्या गॅझेटात तो हुकूम छापून आला: यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांच्या लोकांना द्याव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि पुढारलेले इतर सोडून बाकीचे सगळे मागासलेले, अशी त्यात व्याख्याच दिली होती.

महाराजांनी युरोप पाहिला, तिथली समता पाहिली, डोळे उघडले आणि आरक्षण आलं, अशी मांडणी भाषणांतून ऐकू येते. मला ती पटत नाही. महाराजांचे डोळे उघडले ते पंचगंगेच्या घाटावर, १८९९मध्ये, स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतोय हे कळलं तेव्हा. मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग, जैन बोर्डिंग ही दोन्ही १९०१ची, बोटीत बसण्याआधीची. दरबारचे पुरोहित असलेल्या राजोपाध्यांच्या वतनावरची कारवाईही आधीची. हुकूम गॅझेटात आला तेव्हा महाराज परतलेलेही नव्हते. प्रवासानं त्यांना बदललं असं म्हणण्यापेक्षा, बदललेला माणूस प्रवासाला गेला होता असं म्हणावं. आणि तो हुकूम तरी कशाचा होता? नेमणुकांचाच. परदेशी जाऊन आलेल्या एखाददुसऱ्याच्या नव्हे. ज्यांना गावाची वेस ओलांडायचीही सोय नव्हती त्यांच्या.

म्हणून प्रवासातून काहीच आलं नाही असं मात्र नाही. रोमचं ते प्राचीन गोल प्रेक्षागार पाहून महाराजांच्या मनात कुस्तीचं मैदान आलं, असं कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १९०७ ते १९१२ या काळात खासबाग उभं राहिलं. मध्ये हौदा, त्याभोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पैलवानाच्या पायाचा अंगठा दिसतो. रोममध्ये माणसं आणि जनावरं एकमेकांना फाडायची, त्याचा आकार उचलला आणि आत तांबडी माती घातली, ताक-तेल-हळदीनं मळलेली. परदेशातून काही आणावं तर ते इतकं आपलं करून आणावं. खासबागेला लागूनच पॅलेस थिएटर बांधलं, पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं ते. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी म्हातारी माणसं ज्यांनी पाहिली ते तो विषय अजून टाळतात.

आणि आनंदीबाईंच्या खुर्चीचं काय झालं? ती कायमची रिकामी राहिली नाही. कोल्हापुरात मुलींच्या शाळा चालवणाऱ्या रखमाबाई केळवकर यांची मुलगी कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. शाहू महाराजांनी त्यांना पाठबळ दिलं, पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवलं. त्या गेल्या, शिकल्या, परत आल्या आणि त्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांवर उपचार करू लागल्या. त्यांच्यावर कादंबरी नाही, मालिका नाही. लवकर मेलेल्या नायिकेची गोष्ट लिहायला सोपी असते. वर्षानुवर्षं रोज सकाळी ओपीडीत बसणाऱ्या बाईची गोष्ट कशी लिहायची हा मराठी लेखकांचा जुनाच पेच आहे, आणि या लेखातही मी तिला एकच परिच्छेद देतोय हे मला दिसतंय.

हल्ली परदेशी जाणं म्हणजे बातमी राहिलेली नाही. राजारामपुरीत जर्मन शिकवणाऱ्या आणि व्हिसाची कागदपत्रं करून देणाऱ्या पाट्या मोजायला लागलात तर गल्ल्या पुरणार नाहीत. मुली एकट्या जातात, शिकायला, नोकरीला, नुसतं फिरायलाही. परत आल्या की संध्याकाळी रंकाळ्यावर नाहीतर मिसळीच्या टेबलावर त्यांना पहिला प्रश्न ठरलेला: ‘‘कवा आलीस? किती दिस हाईस?’’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, मायाच असते. पण ऐकणाऱ्याला त्यात परतीचं तिकीट दिसतं. कायमची आले असं उत्तर दिलं तर समोरच्याचा चेहरा पडतो, काय बिघडलं गं तिकडं? परत येणं म्हणजे हरून येणं, हा समज आपल्या मध्यमवर्गात कधी रुजला कळत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परत येणाऱ्याला दरबारातून पत्र जात होतं.

खाशाबा जाधवांना ते पत्र आलं नाही. किंवा आलं, पण फार उशिरा.

खाशाबा मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, घरात कुस्ती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला आले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या छत्रपतींनी केलेल्या मदतीवर. तोवर अंगाला ठाऊक होती ती तांबडी माती. मॅटवर पाय कसा ठेवायचा, गुण कसे मोजतात, सगळं तिथं जाऊन शिकले. मातीत चितपट केलं की निकाल. इथं पाठ न टेकवताही माणूस हरतो. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना थोडे दिवस शिकवलं. फ्लायवेटमध्ये सहावे आले. खरा बदलून टाकणारा प्रवास तो होता असं मला वाटतं, पदकाचा नव्हे. पदकाच्या वेळी ते तयार होऊन गेले होते.

१९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. निवडीतही अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली आणि ती त्यांनी मारली. मग पैशांसाठी दारोदार. गावातल्या लोकांनी दिलं, कऱ्हाडच्या दुकानदारांनी दिलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार. खर्डेकर त्याच वर्षी खासदार झाले. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. पुस्तकं घ्यायला जाणाऱ्या मुलांना हे गहाणखताचं कुणीतरी सांगायला हवं.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेटमध्ये उतरले, सत्तावन्न किलो. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बसुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ एकामागून एक गेले. मग जपानच्या इशीबरोबर लांबलेली, दमवून टाकणारी लढत. ती हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. दोन लढतींच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेल्या अंगानं उतरले आणि हरले. तरी कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर थेट १९९६मध्ये लिअँडर पेसनं दुसरं आणलं.

मिरवणूक जबरदस्त निघाली. कऱ्हाड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या, ढोल-लेझीम, आणि गोळेश्वरपर्यंतचा जो रस्ता चालत सहज कापता येतो त्याला तासन्‌तास लागले. सरकारी पातळीवर मात्र शुकशुकाट. त्याच ऑलिंपिकला हॉकीच्या संघानं सुवर्ण आणलं होतं, देशाचं लक्ष तिकडं. गावाकडची धूळ खाली बसल्यावर खाशाबांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्तीचे फड भरवले, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचं देणं फेडलं. ऑलिंपिकचं पदक गळ्यात घालून आलेला माणूस कर्ज फेडायला पुन्हा मातीत उतरतो. तालमीत ही हकिगत अभिमानानं सांगतात, बघा कसा पठ्ठ्या होता म्हणून. अभिमान योग्य आहे. पण त्या हकिगतीत लाज वाटावी असंही काही आहे आणि ती लाज खाशाबांची नाही.

१९५५मध्ये मुंबई पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. नोकरी म्हणून मिळाली. त्या पदकामुळं ज्या जागेवर हा माणूस असायला हवा होता, तरुण मल्लांना मॅट शिकवण्याच्या जागी, तिथं कुणी त्याला बसवलं नाही. बढती वर्षानुवर्षं रखडली, निवृत्तीच्या तोंडावर सहायक आयुक्तपद आलं. १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या बंदिस्त मैदानाला २०१०मध्ये त्यांचं नाव दिलं. गोळेश्वरला त्यांच्या नावानं कुस्तीचं केंद्र व्हायचं होतं, घोषणा झाली, ते काही उभं राहिना. २०१७मध्ये घरच्यांनी पदक लिलावात काढून पैसे उभे करू असं जाहीर केलं तेव्हा थोडी खळबळ उडाली. लिलाव झाला नाही.

कोल्हापूरच्या तालमींमध्ये आता मॅट आहे. गंगावेशीत पहाटे जा, पोरं आधी मातीत जोर मारतात, मग मॅटवर. खाशाबांना लंडनला जाऊन जे उमगलं ते आता गल्लीत मिळतं. पन्नास-साठ वर्षं लागली एवढंच. खाशाबांना १९५३-५४मध्ये कुणी कोल्हापुरात बसवलं असतं, एक शेड, एक मॅट आणि पगार दिला असता, तर ही वर्षं वाचली असती असं म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. खासबाग बांधणारं संस्थान तोवर १९४९मध्ये मुंबई राज्यात विलीन होऊन गेलेलं होतं. ज्याच्याकडं जाऊन मागावं असा माणूस गावात उरला नव्हता, आणि मुंबईला पैलवानाची निकड नव्हती.

पुढची गोष्ट १ ऑगस्ट २०२४ची. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक जिंकला. या प्रकारात भारताचं ते पहिलंच. महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक पदक मिळालं खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी. राधानगरी म्हणजे तोच मुलूख जिथं शाहू महाराजांनी १९०७च्या सुमारास धरणाचं काम काढलं, आणि जिथून नेमबाज निघेल असं कुणी स्वप्नातही म्हटलं नसतं. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून तो नोकरीला होता. पदकाची बातमी आली आणि लगोलग रेल्वेनं त्याची अधिकारीपदावरची बढती जाहीर करून टाकली. राज्य सरकारनं एक कोटी जाहीर केले. कोल्हापूरची मिरवणूक निघाली ती त्यानंतर काही आठवड्यांनी, फुलांनी सजवलेल्या गाडीतून, आधी कुलदैवतांचं दर्शन वगैरे रीतसर.

म्हणजे या खेपेला क्रम उलटला. नेमणूक आधी आली, मिरवणूक मागून. एवढ्यावर सगळे समाधानी झाले असतील असं वाटेल, पण ऑक्टोबरमध्ये स्वप्नीलच्या घरच्यांनी पत्रकारांसमोर नाराजी बोलून दाखवली: हरयाणा आपल्या पदकविजेत्यांना किती देतं बघा आणि महाराष्ट्र किती देतंय बघा. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ घर मिळावं, सराव सोपा होईल, हीही मागणी होती. समाजमाध्यमांवर लोक तुटून पडले, हावरट म्हणाले, पदक देशासाठी असतं असं शिकवू लागले. शिकवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ऑगस्टात गुलाल उधळला होता. मला ती मागणी अजिबात वावगी वाटली नाही. रक्कम कमी-जास्त करता येईल, पण सरावाच्या जागेजवळ राहायला घर मागणारा माणूस सत्कार मागत नसतो, पुढच्या ऑलिंपिकचं बोलत असतो.